मोडलेले कान

फोन वाजला तेव्हा मी पाट्यावर बदाम वाटत होते. सकाळची मेहनत नुकतीच संपली होती. पोरं घामाघूम होऊन आखाड्याच्या कडेला टेकली होती आणि आमचे हे, म्हणजे हिंदुराव वस्ताद, एका नवख्या पैलवानाचा लचकलेला खांदा तेल लावून चोळत होते. आमचं घर तालमीला खेटूनच. स्वयंपाकघराची खिडकी थेट आखाड्यात उघडते. त्या खिडकीतूनच मी सगळा संसार केला म्हणा ना. आत मात्र कधी पाऊल टाकलं नाही. आता मुलीसुद्धा कुस्ती खेळतात, बक्षिसं आणतात. पण तेव्हा बाईमाणसानं आखाड्याची चौकट ओलांडायची नाही, ही सासऱ्यांपासूनची रीत होती. मी तशी फटकळ, पण ती रीत मुकाट पाळली.

"वस्ताद, फोन!" उदयनं कोनाड्यातला फोन उचलला. उदय मगदूम हा त्यांचा लाडका पठ्ठ्या. पोटच्या पोरागत वाढवला होता त्याला.

"हात तेलाचं हाईत. स्पीकरवर लाव."

हात तेलाचे नसते तरी त्यांनी स्पीकरवरच लावायला सांगितलं असतं. जन्मभर कुस्ती करून त्यांचे दोन्ही कान मोडले होते, जास्त तळलेल्या करंजीसारखे आक्रसून कडक झाले होते. पैलवानाला त्या कानांचा कोण अभिमान! पण फोन काही त्यांच्यावर बसायचा नाही, धड ऐकू यायचं नाही. त्यामुळे भावकीतलं भांडण असो नाहीतर सोयरिकीचं बोलणं, आमच्या घरचं सगळं अख्ख्या तालमीला पाठ. मी चिडायची, हे हसायचे. "चोरीचं काय बोलतोय काय आपन?" म्हणायचे.

"नमस्कार. हिंदुराव ज्ञानू चौगुले बोलताय का?" फोनवर बाईचा आवाज आला. "मी विमा कंपनीकडून डॉक्टर बोलते आहे. तुमच्या तालीम संघाच्या आरोग्य विम्यासाठी तुमच्या तब्येतीची माहिती हवी आहे. हा कॉल रेकॉर्ड होतो आहे. चालेल ना?"

"बोला की ताई."

माझा वरवंटा जागच्या जागी थांबला. नेमका आत्ताच यायचा होता हा फोन!

हा विमा काय होता ते आधी सांगते. त्या साली शेजारच्या गावातल्या एका पैलवानाची मैदानात मान मोडली. पोरगं खाटेला खिळलं, घरादाराची धूळधाण झाली. मग तालुक्याच्या तालीम संघाला जाग आली. सगळ्या तालमींनी मिळून एकच विमा काढायचा, पैलवान, वस्ताद आणि त्यांच्या बायका, सगळे त्यात घ्यायचे, असं ठरायला लागलं. त्याची बैठक आमच्याच आखाड्यात भरली. मी खिडकीशी होतेच.

विम्याचा एजंट समजावून सांगत होता. सगळे आले तर हप्ता बदामाच्या एका महिन्याच्या खर्चाएवढा. पन्नाशीच्या वरचे वगळले तर त्याच्याही निम्मा. झालं, ठिणगी पडली.

उदय उठला. "माफ करा वस्ताद, पन इचारल्याबिगर ऱ्हावत न्हाई. आमी धडधाकट मानसं. आमचं डोकंबी दुखत न्हाई. म्हाताऱ्यांच्या दुखन्यापायी आमचा हप्ता का वाढावा? ज्याचं दुखनं त्यानं बघावं की!"

तरण्या पोरांनी माना डोलावल्या. संघाचे अध्यक्ष रंगराव पोवार, स्वतः साठीचे, तेही पडत्या आवाजात म्हणाले, "पोराचं काय चुकलं? हीच पोरं निघून गेली तर सगळंच मोडंल."

तेव्हा हे उभे राहिले. बोलायला फार येत नसे त्यांना, पण त्या दिवशी बोलले.

"उदय, ही आखाड्याची माती कोन खनतं?"

"सगळी खनत्यात, वस्ताद."

"ज्याची कुस्ती लागलीया त्योच खनतो काय?"

"न्हाई."

"मग? तुझी कुस्ती नसली तरी खोरं घिऊन कंबर मोडतोसच की. मागं तुझा पाय सुजला हुता, तवा तुझ्या वाटची माती दुसऱ्यानं खनली. मागितला काय हिशोब कुनी? आज तुझ्या अंगात बळ हाय, तू खन. उद्या तुझ्यासाठी दुसरं कोनतरी खनंल. घ्यायचं तर समद्यांना, न्हाईतर कुनालाच नको."

उदय ओशाळला, पण लाडका होता ना, गप्प थोडाच बसतोय! "वस्ताद, तुमच्यासाठी मी दुप्पट भरीन. पन तुमाला कुठं काय झालंय? तुमची छाती म्हंजे दगुड! मी दुसऱ्या म्हाताऱ्यांचं म्हनत हुतो."

सगळे खो खो हसले. हेही हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या दगडाच्या आत काय होतं ते फक्त मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या भाचीच्या लग्नाला जातो म्हणून आम्ही दोघं घरातून निघालो होतो. भाचीबिची कुणी नव्हती. मिरजेला दवाखान्यात जाऊन यांच्या छातीत, हृदयाच्या नळीत, जाळी बसवून आणली होती. माझ्या पाटल्या त्यात गेल्या, त्या भाचीला घातल्या असं सांगितलं. गावात कुणाला पत्ता नाही. का लपवलं? अहो, ज्या वस्तादाची छाती दुखते त्याच्याकडे पोरगं कोण पाठवेल? "तालीम मोडंल मालन," म्हणाले होते, आणि मला ते पटलं होतं.

बैठक झाली, सगळे येणार असं ठरलं. जाता जाता एजंटानं बजावलं, "पन्नाशीच्या वरच्यांना कंपनीच्या डॉक्टरचा फोन येईल. जुनं दुखणं असेल ते सांगून टाका. सांगितलेलं दुखणं चालतं, लपवलेलं चालत नाही."

रात्री जेवायला वाढताना मी विषय काढलाच. "आवं, ऐकलासा न्हवं? जाळीचं सांगाय लागंल."

"सांगतो की. फोनवर सांगायचं हाय, तितं कोन ऐकतंय?"

"आनि पोरांच्या म्होरं आला तर?"

"दिसभर काय पोरांच्यातच असतो व्हय मी? वाढ भाकरी."

दिवसभर ते पोरांच्यातच असायचे. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं.

आणि फोन आला तो हा असा, भर आखाड्यात, चांगली वीस-पंचवीस पोरं भोवती बसलेली असताना.

"मधुमेह आहे का?" बाई विचारत होती.

"न्हाई."

"रक्तदाब?"

पोरांना आता गंमत वाटायला लागली होती. उदय तर फोनवर वाकूनच बोलला, "ताई, आमच्या वस्तादांना ताप सुदिक येत न्हाई! तापच घाबरतोय!"

हास्याचा गडगडाट झाला. बाईसुद्धा फोनवर हसली असावी. मग तिनं विचारलं, "याआधी कधी दवाखान्यात दाखल झाला होता का? हृदयाचा काही त्रास, छातीत दुखणं, शस्त्रक्रिया?"

खांदा चोळणारा यांचा हात जागीच थांबला.

मला राहवेना. मी खिडकीतून हाक मारली, "आवं, जरा आत येता का? फोन घिऊनच या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धे उठलेसुद्धा. पण तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सांगा की वस्ताद, दगुड हाय म्हनून!" आणि पोरं टाळ्या पिटायला लागली. हे परत खाली बसले. पोरांकडे एकवार बघितलं आणि म्हणाले, "ताई, छाती दगडाची हाय. आमाला न्हाई कधी काय झालं."

काय ते हसणं, काय त्या आरोळ्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खिडकीकडे पाठ केली आणि असा वरवंटा चालवला की बदामाचं दूध उडून भिंतीवर गेलं. आखाड्यात पाऊल टाकायची सोय असती तर तो फोन मी हिसकावूनच घेतला असता.

थोड्या वेळानं परत वळून बघते तर पोरं बाहेर हौदावर अंघोळीला गेलेली. हे एकटेच आखाड्यात उभे. आणि फोन कुठं, तर कानाला! त्या मोडक्या कानावर दाबून धरलेला. मग खाली घेतला, तेलकट बोटानं बटणं दाबली, परत कानाला लावला. असं दोन-तीनदा केलं. मी मनात म्हटलं, घ्या, आता कुठल्या मैदानाची वर्दी आली! मी इतकी रागात होते की विचारलंसुद्धा नाही.

दुपारी जेवताना एवढंच म्हणाले, "मालन, त्या बाईचा परत फोन आला तर मला हाक मार."

"कशाला? आनि काय मिजास दाखवायची ऱ्हायलीया?"

पुढे कितीतरी दिवस फोन कोनाड्यात न ठेवता कमरेला लावून हिंडत होते. मेहनत घेतानासुद्धा. ज्या माणसानं पोरांना आखाड्यात फोन आणू दिला नाही, तो माणूस! एकदा रंगराव पोवार आले होते, त्यांनी चेष्टा केली, "काय वस्ताद, लग्न ठरतंय काय परत?" हे कसंनुसं हसले. फोन परत आला नाही. एजंट बदलून गेला होता. हळूहळू फोन परत कोनाड्यात गेला आणि गोष्ट मागं पडली.

पुढच्या साली जत्रेच्या मैदानात पंच म्हणून उभे असतानाच ते खाली बसले. तिथून उदयनं पाठीवर घालून गाडीत टाकलं. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, आधी काही झालं होतं का? आता जिवाशी गाठ होती, मी सगळं खरं सांगितलं. उदय शेजारी उभा होता. माझ्या तोंडाकडे बघतच राहिला तो. "काकी, तीन वरसं? आनि आमाला न्हाई सांगितलासा?"

छाती उघडून ऑपरेशन करायला लागणार होतं. विमा होता, हप्ते भरले होते, आता जुनं कोण उकरून काढतंय म्हणून मी निर्धास्त होते, इतकी मी खुळी! विमा कंपनीचा माणूस आला. तरणा, सभ्य पोरगा होता. मला उगीच वाईटवकटं बोलला नाही. त्यानं फोन काढला आणि एक तुकडा ऐकवला. *ताई, छाती दगडाची हाय. आमाला न्हाई कधी काय झालं.* मागे पोरांचं हसणं, आणि त्या हसण्यात सगळ्यात मोठा आवाज उदयचा.

"बाई, त्यांच्याच आवाजात आहे. आम्ही काय करणार?" तो म्हणाला. "तेव्हा सांगितलं असतं तर हप्ता थोडासा वाढला असता, इतकंच."

इतकंच! उदय भिंतीला टेकून खाली बसला. एवढा धिप्पाड गडी, लहान लेकरागत रडला. मग उठला आणि गेला. त्यानं आपली चांदीची गदा विकली. पोरांनी खुराकाचे पैसे आणून दिले, ज्यांनी म्हाताऱ्यांच्या नावानं बोटं मोडली होती त्याच पोरांनी. रंगराव पोवार दारोदार फिरले. पैसे जमले, ऑपरेशनची तारीखही मिळाली. पण ती तारीख यांनी काही बघितली नाही.

आदल्या दिवशी मी उशाशी बसले होते. माझा हात धरून म्हणाले, "मालन, त्या दिशी मी..." नर्स तिथंच होती, ती लगेच म्हणाली, "बाबा, बोलायचं नाही. धाप लागेल." मीही म्हटलं, "घरी गेल्यावर बोला मग." त्यांनी डोळे मिटून घेतले. घरी आलेच नाहीत.

मी रागावले होते हो त्यांच्यावर. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावले होते. पोरांच्या टाळ्यांपायी जीव घालवला, मला उघड्यावर टाकलं, असं मनात धरून बसले. आखाड्याची खिडकी मी बंद करून टाकली. तालीम उदयनं सांभाळली, तोच वस्ताद झाला. रोज दारात येऊन "काकी, काय हवं-नको" विचारायचा. मी जेवढ्यास तेवढं बोलायची. बदाम मात्र वाटून द्यायची. पोरांचा काय दोष त्यात?

उदयनं विम्याबद्दल वर तक्रार केली होती. तिचा निकाल यायला वर्षं गेली, आणि निकाल आमच्या विरुद्धच गेला. पण त्या निमित्तानं तो फोन पहिल्यापासून शेवटापर्यंत जसाच्या तसा आम्हाला मिळाला. उदय एका दुपारी तो घेऊन आला. उंबऱ्यावरच घुटमळत राहिला.

"काकी, मी कालच ऐकलं. तुमीबी ऐका. पर बसून ऐका."

"ऐकलंय की मी तवाच. आनि कशाला?"

"तवा त्यांनी तुकडा ऐकवला हुता."

त्यानं फोन माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. *बोला की ताई,* यांचा आवाज आला. घरात फोटो होता, पण आवाज कुठंच नव्हता त्यांचा. मग तेच सगळं. मधुमेह, रक्तदाब, उदयचा विनोद. मधेच लांबून एका बाईची हाक, *आवं, जरा आत येता का?* माझीच. मग छाती दगडाची, आणि तो गोंधळ.

"धन्यवाद, तुमची माहिती नोंदवली आहे," बाई म्हणाली. मला वाटलं संपलं.

संपलं नव्हतं. त्या गोंधळात यांचा आवाज आला, दबका, "ताई, जरा थांबा. एऽ पोरांनो, भाईर व्हा रं." हसणं चालूच होतं. पुन्हा, आता मोठ्यानं, "आरं भाईर व्हा म्हनतोय न्हवं! ताई, हाईसा न्हवं? त्ये छातीचं इचारलासा त्ये परत एकदा..." आणि पुढं काही नाही. बाईनं फोन ठेवून दिला होता.

मी फोनकडे बघत राहिले. मग एकेक करून सगळं डोळ्यांसमोर आलं. रिकाम्या आखाड्यात एकटे उभे असलेले ते. जन्मात कधी कानाला न लावलेला फोन, त्या मोडक्या कानावर दाबून धरलेला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तेलकट बोटानं परत परत दाबलेली बटणं. कमरेला लावलेला फोन. *त्या बाईचा परत फोन आला तर मला हाक मार.* आणि मी काय म्हणाले होते? मिजास!

"दोनदा भाईर व्हा म्हनलं त्यांनी, काकी," उदय म्हणाला. "पयल्यांदाच उठलो असतो तर... आमी हसतच बसलो हुतो."

इतकी वर्षं ज्याच्यावर राग धरला तो माणूस सांगायलाच निघाला होता. माझ्या पदराला पुरेना इतकं रडले मी. उदय पायाशी बसून राहिला. संध्याकाळी पोरांची मेहनत सुरू झाली, तेव्हा मी उठून खिडकी उघडली. बिजागऱ्या गंजल्या होत्या, त्यामुळे जोर लावायला लागला.

आता उदयनंही पन्नाशी ओलांडली आहे. संघाचा विमा अजून चालू आहे, समद्यांचा मिळून. परवा सकाळी मी बदाम वाटत होते, मेहनत नुकतीच संपली होती, आणि तो लगबगीनं माझ्या स्वयंपाकघरात शिरला. हातात फोन वाजत होता.

"काकी, कंपनीचा हाय. हितं घेतो."

त्याचेही कान मोडलेलेच. त्यानं दार लोटलं, स्पीकर लावला. मी खिडकीकडे गेले, पण पोरं भिंतीलगतच बसली होती, खिडकी लावली तरी ऐकू जाणार. मग मी परत पाट्यावर बसले आणि वरवंटा चालवायला लागले, खडखड, जितका मोठा आवाज होईल तितका. बाहेरून एक पोरगं हसत ओरडलं, "काकी, पाटा फोडताय काय?" मी थांबले नाही.

"हृदयाचा, श्वासाचा काही त्रास?" फोनवरच्या बाईनं विचारलं.

उदयनं माझ्याकडे बघितलं. मी 'सांग' म्हणून मान हलवली.

"व्हय ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "जिना चढलो की धाप लागती. लिवून घ्या."

एवढंच. एवढंच तर सांगायचं होतं त्यांना.